हलक्या आर्मची जोडी

—अहो, ठेवा खाली! दादा, ती जोडी राखून ठेवलीय. काउंटरवर आहे म्हणजे विकायलाच आहे असं नसतं, माझी कोपरंही काउंटरवरच असतात. हसू नका, बसा. मालक? मालक मीच. मागच्या शेडमध्ये पान्यांची खणखण चाललीय ना, ते आमचे हे. त्यांना विचाराल तर डोळे मिटून म्हणतील, घ्या, सस्पेन्शनला ॲल्युमिनियमचे आर्म घ्या, गाडी पाखरासारखी उडेल. मला विचाराल तर ऐकून घ्यावं लागेल. आणि रागानं सांगतेय असं वाटलं तर वाटू द्या, आज सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

फायदा होतो का? होतो, खोटं कशाला बोलू. स्प्रिंगच्या वरचं वजन म्हणजे अंगातला कोट आणि खालचं वजन म्हणजे पायातला बूट. गमबूट घालून पळा आणि चप्पल घालून पळा — फरक कळतो की नाही? चाक खड्ड्यातून निघून लगेच रस्त्याला टेकतं. पण हा आर्म एका टोकाला चाक धरतो नि दुसऱ्या टोकाला गाडी, म्हणजे वाचलेल्या वजनाचं सगळं पुण्य काही चाकाच्या पदरात पडत नाही. आणि तुम्ही जाणार कुठे? ऑफिसला! बाहेर लावलीत ती छोटी गाडी — डाव्या चाकामागे तेलाचा ओघळ आहे, मी इथून पाहिला. धक्के झेलणारा शॉक ॲब्सॉर्बर गळतोय. उभी करताना कुरकुरली, ते रबरी बुश, वाळून लाकूड झालेत. हत्ती तसाच ठेवून शेपूट छाटायला निघालात! आधी शॉक बदला, बुश बदला, चाकं सरळ करून घ्या, मग या, मग बोलू. आणि अजून एक. लोखंडी आर्म आपटला तर वाकतो, गाडी एका बाजूला ओढायला लागते — म्हणजे तोंडानं सांगतो बिचारा, माझं बिघडलंय. हा ॲल्युमिनियमचा नाही सांगत. वरून चकचकीत नि आतून चिरत जातो.

आमच्याकडे एक दातांचे डॉक्टर यायचे. गाडीत जे जे लोखंडाचं, ते ते हलकं करून घेतलं. वर्षानं तणतणत आले, म्हणे मॅडम, पूर्वीपेक्षा मंद चालते. मी म्हटलं, डॉक्टर, गाडीचं राहू द्या, शर्टाचं खालचं बटण कधीपासून लागत नाही? उठून गेले तोंड फुगवून. पण शॉक न्यायला माझ्याकडेच आले. मी गिऱ्हाईक तोडत नाही, दादा. खरं सांगते, मग ते आपणच परत येतं.

काय? ती पिवळी? हो, ह्यांचीच. डोंगराच्या शर्यतीत उतरतात दरवर्षी. तिसरे आले होते एकदा — खालून. त्या गाडीचं वजन कसं कमी केलं विचारताय? सांगते ना. आधी मागची सीट गेली. मग मॅट, हीटर, दारांची अस्तरं. मी म्हटलं, चालू दे, पुरुषाचा छंद आहे, दारूपेक्षा बरा. एके दिवशी बाजाराला निघालो, दार उघडलं — तर माझी सीट नाही! उघडा पत्रा आणि चार भोकं. म्हणे, शर्यतीपुरती काढलीय गं, फार जड आहे. जड! त्या सीटवर बसून हे दुकान उभं केलंय मी. गावोगावचे भंगारबाजार पालथे घातले आम्ही, मांडीवर कार्ब्युरेटर, पायाशी ब्रेकचे ड्रम. हे चालवायचे नि मी भाव ठरवायची. भांडणंही तिथेच व्हायची आणि मिटायचीही तिथेच, कारण उतरून जाणार कुठे? आता माल आणायला मी बसनं जाते. एकटी. पोतं घेऊन.

तर म्हणाले, हलकं बॉनेट आलं की सीट बसवतो. बॉनेट आलं. हलकी चाकं आली की बसवतो. चाकं आली. मग हे आर्म. एवढे लागले की तुझी सीट परत, अगदी शपथ. म्हणून ही जोडी. मीच मागवली. हो, मीच! जिला चांगलं ठाऊक आहे की नाकापेक्षा मोती जड, तिनंच. का म्हणून काय विचारता? शेजारी बसायचं होतं मला. त्यात का कसलं?

सकाळी पार्सल आलं. म्हटलं, ह्यांना सांगायच्या आधी आपणच माळ्यावरून सीट काढून पुसून ठेवू. माळा रिकामा. म्हटलं, असेल शेडमध्ये कुठे. मग कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे आमचा जॅक मागायला गेले, तर तो माझ्या सीटवर बसून चहा पितोय! खाली विटा लावून, ऐटीत! वर मलाच म्हणतो, वहिनी, भाऊंनी कधीच देऊन टाकली, कंबरेला फार आराम आहे हो. आराम! आणि काल जेवताना हा माणूस माझ्या तोंडाकडे बघून सांगतो, आर्म आले की तुझी सीट. भाजी वाढून घेत घेत सांगतो!

...असं बघू नका. तुम्हाला एवढं सांगायचं नव्हतं. शॉक दाखवू? — नाही? अजून जोडीच? एवढं रामायण ऐकून? धन्य आहे पुरुषजातीची! बरं. घ्या. घ्या म्हटलं ना, राखून ठेवली होती ती ठेवली होती. पण बोल्ट नवे घाला, आणि अधूनमधून कापडानं पुसून चीर बघत जा, नुसती चमक बघू नका. आणि शॉक आधी! त्याशिवाय ही लावलीत तर माझ्या दुकानाचं नाव घ्यायचं नाही.

थांबा. ऐकलंत? पार्सल आलं का विचारतायत. तुम्ही काही बोलू नका.

नाही आलं हो!

काय? — म्हटलं, नाही आलं! हात धुवा आणि जेवून घ्या!

...उचला ते. पिशवीत घाला आधी. जा.