संदेशचं कार्ड आणि काकांची चप्पल

कॅशलेसचं एवढं कौतुक सांगताय ना, मग आमच्या मेहुण्याचं ऐका. संदेश काल्हेरच्या गोदामात सुपरवायझर आहे. कंपनीनं दिलेलं विम्याचं कार्ड पाकिटात देवाच्या फोटोसारखं जपतो. माझे दिघाशीचे काका बीपीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून आणतात, म्हणून प्रत्येक लग्नात हा त्यांना चिडवणार, "काय काका, अजून लाइनीतच का?"

गेल्या महिन्यात गोदामाच्या गेटवर याला कुत्रा चावला. गडी थेट एसीवाल्या हॉस्पिटलात गेला आणि कार्ड काउंटरवर ठेवलं.

तिथली मुलगी म्हणाली, "सर, अ‍ॅडमिट झालात तरच हे चालेल."

"मग करा ना अ‍ॅडमिट!"

"कुत्रा चावल्यावर अ‍ॅडमिट नाही करत सर, इंजेक्शन देतात. आणि ते आमच्याकडे संपलंय. सरकारीत मिळेल."

लंगडत तिकडे पोचला, तर काका बाकावर बसलेले. यानं विचारलं, "काका, लाइन कुठंय?"

"पाय उचल, तिच्यावरच उभा हायस."

खाली बघतो तर केसपेपरच्या खिडकीपर्यंत नुसत्या चपला! माणसं सावलीत बसलेली आणि चपला नंबर धरून. काकांची चप्पल पुढून दुसरी होती. काकांनी आपला नंबर सरळ त्याला देऊन टाकला. म्हणाले, "माझ्या गोळ्या थांबतील, तुझं कुत्रं न्हाय थांबायचं."

पुढच्या डोसच्या आदल्या संध्याकाळी काकांचा फोन वाजला. पलीकडे संदेश, एकदम नरम आवाजात:

"काका, उद्या तुमची चप्पल मोकळी आहे का?"