खिडकीजवळची जागा

मंडळी, आज पुराणातलं काही सांगत नाही. आधी एक विचारते, उत्तर मनातच द्या. गाडी उशिरा आली, फलाट ऐन वेळी बदलला, पायावर कुणाची तरी ट्रंक आदळली – तर आपण चिडतो कुणावर? गाडीवर? गाडी ऐकते कुठे! चिडतो शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच माणसावर. असं का होतं?

ऐका तर. मागच्या चैत्रात सोनगावच्या राममंदिरात माझं कीर्तन होतं. बरोबर नाना, म्हणजे माझे वडील. शाळेतली कारकुनी संपली आणि माझ्या कीर्तनाची पेटी खांद्यावर घेऊन ते गावोगाव हिंडू लागले. वाजवायचेही तेच. वय एकाहत्तर.

आपल्या स्टेशनाबद्दल तुम्हाला मी काय सांगायचं? त्यात लग्नसराई. तिकीट आहे म्हणजे बसायला मिळेल, असं समजणारा तिथे एकच – पहिल्यांदा आलेला! गाडी दहा चाळीसची. नाना जागा धरायला आठलाच गेले. मी मागाहून पोचते, तोच घोषणा झाली, गाडी तीनवर नाही, पाचवर लागणार. झालं! अख्खा फलाट उठून पुलावर. बोचकी, पाळणे, म्हाताऱ्या, सगळं एकाच जिन्यात. त्या लोंढ्यात मला लांबून फक्त आमची पेटी दिसली, लोकांच्या डोक्यांवरून चाललेली.

मी पाचवर आले, तर एका खिडकीतून नानांचा हात! उपरणं टाकून जागा धरली होती. दारातून आत शिरायला मला दहा मिनिटं लागली. दारातला एक म्हणाला, "या ताई, भरपूर जागा आहे, माझ्या पायावर!"

आत पोचले, तर नाना उभे. खिडकीजवळ एक अनोळखी बाई, तिच्या मांडीवर तापानं मलूल झालेली मुलगी, हातात दवाखान्याचं मोठं पाकीट.

मी म्हणाले, "नाना, द्यायची तर स्वतःची जागा द्यायची. माझी का दिलीत?"

"माझी होती कुठे? एकच मिळाली, ती तुझ्यासाठीच धरली होती."

"तुम्हाला माझ्यापेक्षा परकी माणसं जवळची."

ती बाई उठायला लागली. नानांनी तिला हातानं बसवलं. तीन तास आम्ही एकाच दांडीला धरून उभे होतो, आणि मी त्यांच्याकडे पाठ केली होती.

संध्याकाळी कीर्तनाला विषय काय घेतला होता, माहीत आहे? दान! हसा, हसण्यासारखंच आहे. रंगलंही छान. नानांनी पेटीवर सूर धरला होता.

आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. कीर्तनकाराच्या गळ्यात हार असला की वडीलधारीही पाया पडतात, तो नमस्कार गादीला असतो. नानाही पडायचे. मग मी हार उतरवायची आणि त्यांच्या पाया पडायची. एकदाही चुकलं नव्हतं. त्या दिवशी ते आले, वाकले. मी बुक्का लावला आणि मागच्या माणसाकडे वळले. हार तसाच गळ्यात ठेवला.

सकाळी यजमानांच्या ओसरीवर चहा घेताना नाना गेले. कपात अर्धा चहा होता. मी आत होते, अजून बोलत नव्हते.

लोक म्हणाले, पुलावरची धावपळ बाधली. बाधली असेल. त्यासाठी मी कितीतरी दिवस त्या घोषणेला, त्या जिन्याला, त्या गर्दीला दोष दिला. सोपं होतं ते. पण गाडीत जे बोलले, ते मीच बोलले होते.

तर मंडळी, सकाळी पुन्हा स्टेशनवर जाल. गर्दी असणारच, चीडही येणार. ती कुणावर काढताय, ते माणूस समोर आहे तोवर नीट बघा. आणि आज घरी कुणाशी अबोला असेल, तर माझ्या पाया पडायला रांगेत थांबू नका. आधी घरी जा.

मला जायला ते घर राहिलं नाही. म्हणून तुमच्यादेखत इथेच बोलते.

नाना, त्या बाईला जागा दिलीत, ते बरोबर केलंत. मला उभं राहता येत होतं.