पडदा ठेवत नाही आम्ही

— नाही, पडदा ठेवत नाही आम्ही. फासे आहेत, नकाशे आहेत, मोहिमांची पुस्तकं आहेत, राक्षसांच्या बाहुल्या त्या कपाटात आहेत — पडदा नाही. संपलाय असं नाही हो, ठेवतच नाही. दुकान उघडलं तेव्हापासून नाही. तो? खिडकीतला? तो विकायचा नाही. पुठ्ठ्याचा आहे, घरी केलेला, किल्ला बघा ना कसा वाकडातिकडा रंगवलाय. दुपारचं ऊन थेट माझ्या डोळ्यांत येतं म्हणून उभा केलाय. तिकडे सोडा, इकडे बघा. किती जण आहात? पाच, सगळे नवखे, बरं. आणि मोहीम सोपी घ्यावी, मध्यम की कठीण, ते कळत नाहीये. झालं! हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतं आणि रोज माझं डोकं फिरतं.

चिडत नाहीये, आवाजच तसा आहे माझा. हे बघा, खेळ काय आहे? एक जण गोष्ट चालवतो — पुढे दरी आहे, दरीवर दोरांचा पूल आहे — आणि बाकीचे आपापलं पात्र घेऊन बसतात, कुणी चोर, कुणी शिपाई, कुणी वैदू. पुलावर पाय घसरला की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. मी नाही, तुम्ही नाही, फासा. आता चालवणाऱ्याने समोर पडदा उभा केला आणि त्याच्यामागे फासा टाकला तर काय होतं? पडतो एक, आणि हा तोंड वर करून सांगतो, चौदा पडले, वाचलात! अरे मग टाकतोस कशाला? लुटुपुटीचंच खेळायचं असेल तर पत्ते घ्या, भेंड्या लावा, माझ्या दुकानात कशाला येता? माझ्या टेबलावर फासा मधोमध पडायचा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. शेजारचा घड्याळवाला असायचा, माझी मेहुणी असायची, आणि — अजून एक जण. दर रविवारी, त्या मागच्या खोलीत. कोणाची तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण रविवार आला की यायचेच ना?

सारखं बाहेर काय बघताय? कोणी थांबलंय का? मग थांबू दे, पुस्तक घेताना घाई करू नये. मी तर म्हणतो कठीणच घ्या. एकदा पडू दे, लागू दे, मग शिकतील. तुमचा चालवणारा कसा आहे? चालवणारी — अच्छा, बाई आहे. छान रंगवून सांगते, बरं. काय? दार आलं की टेबलाखालून ठोकते? कशी — गुडघ्याने? दोनदा ठोकते, थांबते, सगळे श्वास रोखून बसले की मग तिसऱ्यांदा?

कुठे शिकली ती हे? नाही, विचारतोय, कारण हे असं कुठल्या पुस्तकात नाहीये. हे माझं आहे. मी काढलेलं. तिसरी टकटक झाली की घड्याळवाला खुर्चीतून उडायचा आणि ती खिदळायची — ती म्हणजे, मुलगी. माझी. तिचं पात्र वैदूचं. शाळेत होती तेव्हापासून एकच पात्र, झोळीत कुठली मुळी आहे आणि कुठली संपली ते सगळं तोंडपाठ. दुसरं काही घे म्हटलं तर नाही. मला सगळ्यांना बरं करायचंय, म्हणायची.

मग? मग काय, त्या वर्षी घरात आजारपण होतं. आमची ही. आठवडाभर दवाखाना आणि रविवारी खेळ, कारण हीच म्हणायची, माझ्यासाठी बंद नका करू. एका रविवारी पोरगी आली, डोळे सुजलेले, आणि म्हणाली, बाबा, आज सोपं ठेव ना. एवढंच. आता सांगा, सोपं म्हणजे काय ठेवणार? मोहिमेत पूल होता तो होता. तिने पाय टाकला, मी फासा टाकला, मधोमध. एक. सगळ्यांना दिसला. मेहुणी म्हणाली, भाऊजी, परत टाका. का म्हणून परत? आमच्यासाठी टाकला कोणी परत? त्या डॉक्टरने विचारलं का आम्हाला, सोपं देऊ का मध्यम देऊ? विचारलं? नाही ना! मग मी तिला खोटं का शिकवू? वैदू दरीत पडला. मी तसंच सांगितलं, आवाजसुद्धा हलू दिला नाही. तिने झोळीतल्या मुळ्यांची चिठ्ठी घडी करून ठेवली आणि ती उठली. मेहुणी तिला आपल्या घरी घेऊन गेली, दोन दिवस राहू दे म्हणाली. आईच्या वेळी आली होती तेवढीच — दिवस झाले आणि परत मावशीकडे. मी चुकलो नाही. फाशावर एकच पडला होता. आजही कोणालाही विचारा.

आणि तुम्ही म्हणताय तुमची ती — पडदा तिलाच हवाय? तिनेच सांगितलंय आणायला? माझी मुलगी पडद्यामागे फासे टाकते? हसू नका, यात हसण्यासारखं काही नाही. कोणी मेलं का आजवर तिच्या खेळात? एकही नाही? नवखेच आहात सगळे, फासे तर वाईट पडणारच, आणि एकही नाही. म्हणजे दर वेळी ती बघते, आणि तोंड वर करते, आणि सांगते —

तुम्ही तिचे कोण? नको, सांगू नका.

कुठे उभीये? समोरच्या थांब्यावर? आत नाही आली. बरोबर आहे, का येईल. हा खिडकीतला तिनेच केलेला, एवढीशी होती तेव्हा. माझ्यासाठी. बाबा, याच्यामागे टाकत जा, म्हणाली होती. मी छान आहे म्हटलं आणि खिडकीत लावला. वापरला नाही असं कोणी म्हणू नये, रोज वापरतो.

हे घ्या. सोपी घ्या. खालच्या फळीवरची ती हिरवी, हां, तीच. पूल नाहीये तिच्यात, मी बघितलंय. आणि तिला सांगा — काही नाही. काही सांगू नका.

अहो, हात नका लावू त्याला! ती दिसू दे नाहीतर न दिसू दे, मी बघतो माझं. ऊन येतं म्हटलं ना. असू दे, ढग आले तरी येतं. तो तिथेच उभा राहू दे. या आता तुम्ही. दार ओढून घ्या.