हंबीररावाच्या बरगड्या

नाही नाही, चपला काढू नकोस, तो पळवतो. अशीच ये आणि इथं झोपाळ्यावर बस — आणि घाबरू नकोस गं, अंगावर येत नाही तो, नुसता टेकतो. ह्या जातीला खोडच असते, माणूस दिसला की त्याला भिंत समजून टेकून उभं राहायचं. ग्रेट डेन आहे. परवा नवीन दूधवाल्यानं विचारलं, बेन, आ वाछरडुं क्यांथी लाव्या? — म्हटलं, वासरू असतं तर तुला कशाला बोलावलं असतं. हंबीरराव, बाजूला हो, तिला बसू दे. नाव काय म्हणालीस, अवंती? आणि मराठी. बरं झालं बाई. गुजरातीत मला भांडता उत्तम येतं, पण कैफियत द्यायला मराठीच बरी — बडोद्यात रावपुऱ्यात वाढलेल्या सगळ्यांचं तेच आहे. तर तुमच्या संस्थेकडे फोन आला, की ह्या घरात कुत्र्याला उपाशी ठेवतात. हे तू फाटकातच मोठ्यानं सांगितलंस ते एक फार चांगलं केलंस, शेजारच्या रंजनबेन गॅलरीत होत्या, त्यांचा आठवडा मजेत जाईल.

रागावले नाहीये मी. हसू येतंय. तुला माहीत नाही म्हणून सांगते — मी निरुपमा, निवृत्त होईपर्यंत कॉलेजात आहारशास्त्र शिकवलं. कुणाला किती प्रथिनं, कुणाला किती स्निग्ध, बाळंतिणीला काय, म्हाताऱ्याला काय — अर्ध्या बडोद्याच्या सुना माझ्या हाताखालून गेल्यात, आणि त्यांच्या सासवा मला अजून शिव्या देतात. आणि माझ्याच दारात उपासमारीची तक्रार. माझ्या विद्यार्थिनींना कळलं तर पेढे वाटतील, साजूक तुपातले, मुद्दाम.

हो हो, दिसतात ना. बरगड्या दिसतात, कमरेची हाडं दिसतात, मला काय दिसत नाही का? रोज फिरायला नेलं की कुणी ना कुणी थांबवतंच. बहु दुबळो छे, बेन, खवडावता नथी? एक आजोबा तर ह्याच्यासाठी खिशात पारलेची बिस्किटं घेऊन उभे असतात, आणि माझ्याकडे असं बघतात की मी जणू सावत्र आई. पण ही दुबळी दिसणारी मूर्ती चार महिन्यांपूर्वी बघायला हवी होतीस तू. लोडासारखा होता, लोडासारखा. आणि तो लोड कुणी भरला? मीच.

संक्रांतीनंतर आला हा. ह्यांचे मित्र आहेत विश्वासराव, रिफायनरीत कोयलीला दोघं बरोबर होते, त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली. आमचे हे — लक्ष्मीकांत — निवृत्त झाल्यापासून नुसते बसून असायचे, कशात मन नाही, तर विश्वासराव म्हणाले, एक घेऊन जा. मी स्पष्ट नाही म्हटलं. घरात केस होतील, वास येईल, आपलं वय काय — सगळं बोलले. मग हे पिशवीतून घेऊन आले ह्याला, त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं, आणि तासाभरात मी दूध कोमट करत होते. अशी माझी तत्त्वं. नाव ह्यांनी ठेवलं. एवढंसं पिल्लू आणि हंबीरराव — म्हणाले, मोठा होईल तेव्हा शोभेल.

तर तेव्हाही हा बारीकच दिसायचा. पाय लांब, अंग नाही, पोट नाही — ह्या मोठ्या जातीची पिल्लं तशीच दिसतात, पण मला कुठं माहीत. मला वाटलं, हे पोर वाळतंय. लागले कामाला. सकाळी दूध-पोळी, वर तूप, दुपारी अंडी, संध्याकाळी खिचडी, परत तूप. आणि कॅल्शियमची पावडर — ते माझं खास. हाडं वाढतायत म्हणजे कॅल्शियम हवं, हे पहिल्या वर्षाची मुलगीसुद्धा सांगेल. माणसाच्या पोराचं सांगेल गं. कुत्र्याच्या पोराचं पुस्तक मी उघडलंच नव्हतं, पण आत्मविश्वास बघ माझा. हे एकदा म्हणाले, एवढं द्यायचं का त्याला? तर मी म्हटलं, ह्यातलं तुम्हाला काय कळतं. ते पेपर उघडून बसले. त्यांचं तसंच असतं.

आणि मग एप्रिलात हा लंगडायला लागला. आधी वाटलं काटा लागला असेल. मग पुढचे दोन्ही पाय मनगटातून वाकायला लागले, पंजे बाहेर वळले, जुन्या टेबलाचे पाय फाकतात तसे. एक दिवस ह्या ओट्याच्या पायरीशी उभा राहिला आणि चढेचना. नुसता रडायचा. ह्यांनी उचलून आत आणला — एवढं ओझं, त्यांच्या वयाला. डॉक्टरकडे नेला. समरजित नाव, तरुण आहे, बोलायला फटकळ. त्यानं ह्याच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, मॅडम, ह्याच्या बरगड्या कुठं ठेवल्यात? मला वाटलं विनोद करतोय, मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, मोठ्या जातीचं पिल्लू भराभर वाढवायचं नसतं. सांगाडा कच्चा असतो, वर वजन चढतं, हाडं वाकतात, आणि वरून तुमची ती पावडर. बंद करा सगळं. ह्याला बारीक राहू द्या, उंची तो त्याच्या वेळेनं गाठेल. लोक बोलतील, बोलू द्या. पण पाय सरळ होतील का, ते आत्ता सांगता येणार नाही.

तुला दाखवते. हात पुढं कर, सरळ. आता दुसऱ्या हाताची बोटं मागच्या बाजूनं फिरव, बोटांच्या मुळाशी. हाडं लागतात ना, पण वर थोडं मांस आहे? पिल्लाच्या बरगड्या हाताला अशा लागायला हव्या. मूठ वळून फिरवलीस तर टोचेल, ते उपाशी. तळव्यावरून फिरवलीस तर काहीच लागणार नाही, ते लठ्ठ. आता ह्याच्या अंगावरून फिरव. दाब थोडा, त्याला आवडतं. लागलं? तसंच आहे की नाही? आणि पाय बघ. उठ रे हंबीरराव, दाखव तिला. उजवा अजून जरासा वळतो, पण चालतो सरळ. पायऱ्या चढतो. डॉक्टर म्हणाला, वाचला.

म्हणून ही शिस्त. काट्यावर तोलून खाणं, ठरल्या वेळी, आणि वरचं काही नाही. लोक काय म्हणतात ते म्हणोत. मी एकदा धडा घेतला की मग — हे म्हणतात, तू आधी ह्या टोकाला असतेस, मग त्या टोकाला, मधल्या स्टेशनावर तुझी गाडी थांबत नाही. बरोबर आहे त्यांचं. ते अधूनमधून ह्याला टेबलाखाली पोळीचा तुकडा द्यायचे, मी पकडलं. मग डबे कपाटात ठेवून कुलूप लावलं. हसू नकोस, खरंच लावलं.  तेव्हापासून हे दुपारी इथं ओट्यावर बसतात, ह्याचं डोकं मांडीवर घेऊन, आणि एक बोट ह्याच्या बरगड्यांवरून फिरवत राहतात. एकदा म्हणाले, हाडं दिसतात गं ह्याची. मी आत्ता तुला दिलं ना, ते सगळं व्याख्यान त्यांना दिलं. हाताच्या प्रात्यक्षिकासकट.

तू चहा घेशील ना? साखर? — नाही, म्हणजे आहे घरात, पाहुण्यांना आहे. आम्ही घेत नाही. ह्यांना गेल्या गणपतीत मधुमेह निघाला. तेव्हापासून घरात गोड नाही, भात नाही, तळलेलं नाही. आकडे आता असे आहेत की डॉक्टर दुसऱ्यांना उदाहरण देतो. पँट्स सगळ्या सैल झाल्या. एका लग्नात कुणीतरी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, लक्ष्मीकांतराव आजारी आहेत का? — म्हटलं, नाही हो, बरे झालेत. लोकांना ना बारीक म्हटलं की आजारच दिसतो. कुत्रा असो की नवरा.

जास्त करतेय वाटतं तुला? वाटू दे. ह्यांच्या थोरल्या भावाचा, संपतरावांचा, पाय गेला साखरेत. आधी अंगठा, मग घोट्यापर्यंत, मग गुडघा. आमच्याकडेच होते शेवटी, ड्रेसिंग मी करायचे. आणि दर वेळी म्हणायचे, निरुपमा, एक जिलबी खाल्ली तर काय होतंय. मी द्यायचे गं. माणूस केविलवाणं तोंड करतो, आपण देतो. तर ह्यांचा रिपोर्ट हातात आला ना, मला आकडा दिसलाच नाही, मला पायच दिसला. आणि ह्याचे पाय वाकले तेव्हाही तेच. — असो. हे मी तुला कशाला सांगतेय, तू कुत्र्याचं बघायला आलीस.

लिही तू तुझं. पण मला एक सांग, फोन केला कुणी? नाव सांगायचं नसतं, ठीक. बाई की पुरुष? पुरुष. म्हणजे रंजनबेनचे मिस्टर. कुत्रा भुंकला की खिडक्या आपटतात. नाही? मराठीत बोलत होता? अच्छा. मग सोसायटीच्या टोकाला राहतात ते असतील. काय म्हणाला तो? बरं, नाव नको, काय म्हणाला तेवढं सांग. वाडगं चाटत बसतो तरी उचलून घेतात — हो, घेते. वजन करून वाढतात — हो. डबे कुलपात ठेवतात.

कुलपाचं कुणाला माहीत असणार? कपाट आत आहे, स्वयंपाकघरात. कामवाली तर बाई आहे.

काय? परत सांग. दिवाळीलासुद्धा त्याच्या तोंडात गोडाचा कण पडला नाही. असं म्हणाला? दिवाळीला?

अगं, दिवाळीला हंबीरराव कुठं होता. संक्रांतीनंतर आला ना तो.

थांब जरा. बोलू नकोस.

दिवाळीला मी फराळच केला नव्हता. केला असता तर ह्यांची नजर गेली असती त्याच्यावर. पाडव्याला ओवाळलं आणि ताटात भाजलेले मखाने ठेवले. ते म्हणाले, छान झालेत. मखाने. त्यात छान काय व्हायचंय.

आणि बरोबर चारला आलीस, चारला या असं कुणी सांगितलं तुमच्या संस्थेला? त्यानंच? चारला बाई घरी असतात, म्हणाला. आज हे साडेतीनलाच उठून विश्वासरावांकडे बुद्धिबळ खेळायला गेले, कधी नाही ते इस्त्रीचा शर्ट घालून. म्हटलं, बुद्धिबळाला इस्त्री कशाला. तर म्हणाले, असंच.

कसा बोलत होता गं? म्हणजे आवाज. रागात होता? हळू? मध्येच थांबला होता. बरं. आणि शेवटी काय म्हणाला — बाईंना रागावू नका, त्या वाईट नाहीत, फक्त समजावून सांगा. असं म्हणाला.

मला समजावून सांगायला माणसानं संस्थेला फोन केला. एकाच खोलीत झोपतो आम्ही. मला सांगितलं असतं तर — काय केलं असतं मी? हात पुढं करा म्हटलं असतं. बरगड्या अशा लागायला हव्यात. अख्ख्या वर्षात एकदाच बोलले ते, हाडं दिसतात गं ह्याची, आणि मला वाटलं कुत्र्याबद्दल बोलतायत. कदाचित कुत्र्याबद्दलच बोलत असतील. त्यांचं त्यांनाही माहीत नसेल. फोन करताना कुत्र्याचंच सांगायला घेतलं असेल आणि मग घसरले असतील.

रडत नाहीये मी. हसतेच आहे. आहारशास्त्राच्या बाई, आणि घरातलं माणूस उपाशी आहे हे सांगायला तुला यावं लागलं, ओळखपत्र गळ्यात घालून. पुरणपोळीचा एक चतकोर दिला असता तर पाय गेला नसता. समरजित कुत्र्यालासुद्धा आठवड्यातून एकदा अंडं द्या म्हणतो. मला ऐकायचंच नव्हतं ते, मी भ्याले होते. ह्यांना मी कधी सांगितलंच नाही की मी भ्याले आहे. व्याख्यान दिलं फक्त.

आलेच बघ. हा कान टवकारतो ना, स्कूटर वळणावर असते. ऐक, तू आता ऊठ. त्यांनी तुला इथं पाहिलं तर ओशाळतील, फार ओशाळतील, चार दिवस जेवणार नाहीत. शेजारी आले होते म्हण, पाणी प्यायला थांबले म्हण, काहीही म्हण, आणि त्यांच्याकडे बघून हसू नकोस. चहा राहिला, परत ये कधीतरी. कुत्र्याचं तू लिही — बारीक आहे, बरा आहे. दुसऱ्याचं मी बघते. जा आता.