पुलासाठी अर्ज

रेमी: मयताला जाताना घालायचा शर्ट आज कशाला बाहेर काढलास?

इस्को: मेयरच्या कचेरीत जायचंय. काल भाषण ऐकलंस ना? दुकानातल्या टीव्हीपुढे तूही उभी होतीस.

रेमी: मी मीठ आणायला गेले होते. डोळे तू पुसत होतास. सगळ्या गल्लीसमोर, नव्या राष्ट्राध्यक्षासाठी.

इस्को: तो म्हणाला, ज्यांनी मला मत दिलं नाही, त्यांचाही मीच आहे. मला वाटलं, माझ्याशीच बोलतोय.

रेमी: ज्यांनी दुसऱ्याला दिलं, त्यांच्याशी बोलत होता तो. मतदानाच्या दिवशी कोंबड्यांच्या झुंजीत जाऊन बसलेल्यांशी नव्हे. मी पाच तास शाळेच्या पटांगणात उन्हात उभी होते. माझ्या नखावरची शाई अजून उतरली नाही, आणि आशेला धुमारे कुणाच्या फुटले? तर ह्याच्या.

इस्को: बोल, बोलून घे. पण अर्ज लिहून झालाय माझा. नदीत दोन खांब नुसते उभे आहेत, त्यांच्यावर पूल तेवढा टाका, एवढंच लिहिलंय. "अर्धवट पूल पुरे करीन" असं त्याच्या तोंडून निघालं गं काल.

रेमी: मागच्याच्याही तोंडून निघालं होतं. तेव्हाही तू असाच गहिवरलास. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून ताडी पाजलीस.

इस्को: आठवतंय मला.

रेमी: त्याला वर्षही झालं नव्हतं, तोच आपली लिगाया पलीकडे दवाखान्यात नेताना तराफ्यावरच गेली. पोटातल्या बाळासकट. त्याच दोन खांबांच्या मधोमध.

इस्को: तराफ्याचा दोर माझ्याच हातात होता, रेमी. मला काय सांगतेस? म्हणून तर मत द्यायला जाणं सोडलं. कुठल्या तोंडाने जायचं?

रेमी: ज्या तोंडाने मी गेले, त्या. मला काय हौस होती? पोरगी गेल्याचा राग होता, तो कुठे घेऊन जायचा तेच कळत नव्हतं. मधल्या निवडणुकीला गेले, याही खेपेला गेले. रांगेतल्या बायका विचारायच्या, नवरा कुठाय. दोन्ही वेळा एकटीला पाठवलंस मला. पुलापेक्षा त्याचाच राग जास्त आहे.

इस्को: चुकलं माझं. आता जातोय ना? एवढी एक आशा तरी राहू दे मला.

रेमी: राहू दे की. पण आधी ऐक. या खेपेला मत द्यायला गेले, तेव्हा यादीवरच्या बाईंनी सहीसाठी वही पुढे केली. आपल्या घरची तीन नावं, एकाखाली एक. पहिलं तुझं, त्यापुढे कोरं. शेवटचं माझं.

इस्को: तीन कशी?

रेमी: मधलं लिगायाचं. तिच्यापुढे सही होती. ताजी, त्याच दिवसाची.

(इस्को शर्टाची बटणं लावायची सोडून बाकावर बसतो.)

इस्को: कुणी केली?

रेमी: विचारलं मी. बाई म्हणाल्या, मागे केवढी रांग आहे, काकू, पुढे सरका.

इस्को: आणि मत कुणाला गेलं असेल?

रेमी: देव जाणे. तुझ्या ह्या नव्यालाच गेलं असेल कदाचित.

इस्को: मग फाडतो हा अर्ज.

रेमी: खबरदार. पोरगी गेल्यापासून पाच वर्षांनी पेन हातात धरलंयस. तो "कृपा करावी" खोडून टाक आधी. दया मागायला जात नाही आपण.

इस्को: आपण?

रेमी: मी येतेय. तुला एकट्याला तिथला कारकून दोन गोड शब्दांत वाटेला लावील.

इस्को: बरं. वाटेत लोकांच्याही सह्या घेऊ. वर पहिलं नाव तुझं घालतो.

रेमी: लिगायाचं घाल.

इस्को: गेलेल्या माणसाचं नाव अर्जावर चालत नाही, रेमी.

रेमी: यादीत चाललं ना? लिही. तिने मत दिलंय. तू दिलेलं नाहीस.