उंदरांचे पाय

“सूज हा मानवजातीचा शत्रू, आणि चिनी वैद्यांच्या मुळीत तिचा अंत आहे,” नुकतेच निवृत्त झालेले प्राध्यापक नृसिंहराव दवाखान्यात गरजले. शेजारच्या बाकावर बसलेल्या, हुपरीत चांदीकाम करणाऱ्या बाळासोंची नजर मात्र प्राध्यापकांच्या बायकोच्या, कालिंदीबाईंच्या सुजलेल्या पावलांवर होती.

“मग वहिनींना दिली न्हाय व्हय ती मुळी?”

“तिचा अर्क मी उंदरांना देत होतो. वीस वर्षं रोज त्यांचे पाय मोजले. सूज निम्म्यावर आली.”

“उंदरांचं बरं झालं,” कालिंदीबाई म्हणाल्या.

“माणसांवर प्रयोग करता येत नाहीत, कालिंदी.”

“बघता तरी येतं.”

“वहिनी, जोडवी घालत न्हाईसा व्हय?” बाळासोंनी विचारलं.

“बोटं सुजली, तेव्हा सोनाराकडून कापून घेतली.”

“कधी?” हे नृसिंहरावांनी विचारलं.

“तीन दिवाळ्या झाल्या.”

“मला बोलली नाहीस.”

“बोलले होते. तुम्ही उंदरांची वही लिहीत होता.”

नृसिंहरावांनी चष्मा सारखा करून वाकून तिच्या पायांकडे पाहिलं.

“चुकलं माझं. पावणं, हिला नवी जोडवी करून द्याल?”

“देतो की. बोटाचं माप सांगा.”

नृसिंहरावांना ते सांगता येईना.

“राहू द्या हो,” कालिंदीबाई म्हणाल्या, “माझा नंबर आलाय. तेवढी चप्पल सरकवा इकडं.”