व्हायोलिनवाल्याचं इंग्रजी

मध्य भारत मोडून राजधानी भोपाळला चालली होती, त्या महिन्यातली गोष्ट. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका दवाखान्याच्या रांगेत मी उभा होतो. पुढे एक प्रौढ कारकून आणि त्यांची बायको.

"अहो, अर्जात लिहिलंत तरी काय?"

"भोपाळला नोकरी टिकवायची तर अर्ज इंग्रजीतच हवा होता. मी लिहिलं, माझ्या कानात सारखे साहेबांचे आवाज येतात."

"अगंबाई!"

"साहेबांचा हुकूम विसरत नाही, असं म्हणायचं होतं गं."

"म्हणून त्यांनी डोकं तपासायला पाठवलं! आणखी काय लिहिलंत?"

"ग्वाल्हेर सोडायचं दुःख आहे, म्हणून ‘मेलँकोलिया’ लिहिलं. तो वेडाचाच एक प्रकार निघाला. पद्मा, घरात इंग्रजी पुस्तक एकच. एका व्हायोलिन वाजवणाऱ्याला वेड लागतं, त्याची गोष्ट; त्याच्या डॉक्टरनंच लिहिलेली. दुसरे शब्द आणू कुठून?"

"आत मराठीत बोला, नाहीतर हिंदीत. इंग्रजीचा एक शब्द काढू नका."

"बरं."

थोड्या वेळाने ते डॉक्टरांचा कागद घेऊन बाहेर आले.

"काय लिहिलंय?"

"इंग्रजीत ‘सेन’ लिहिलंय. एस, ए, एन, ई."

"म्हणजे?"

"कोण जाणे."

"वाईट तर नाही ना?"

कंपाउंडर हसला. "घबराइए मत, माताजी. मतलब, दिमाग़ एकदम दुरुस्त है."

"इश्श! एवढासा शब्द तुम्हाला येऊ नये?"

"अगं, पुस्तक मी दोनदा वाचलं. पण त्या बिचाऱ्याला हा शब्द लावायची वेळ शेवटपर्यंत आलीच नाही."